तहान नसलेले प्रवासी

अमेरिकेच्या जुन्या स्थलदर्शक नकाशांवर झऱ्याची खूण अगदी बारीक असते. निळ्या शाईतलं इवलंसं वर्तुळ आणि त्याला जोडलेली एक वळवळती शेपटी. मोहावी वाळवंटाचा १:२४,००० चा नकाशा टेबलावर पसरला की समोच्च रेषांच्या तपकिरी गुंत्यात ही निळी शेपटी शोधायला डोळे ताणावे लागतात. सापडली की शेजारी नाव असतं: रॉक स्प्रिंग, मार्ल स्प्रिंग्ज, ॲन्व्हिल स्प्रिंग. विलो स्प्रिंग नावाचे तर इतके आहेत की नुसत्या नावावरून कुणाला काही पत्ता लागायचा नाही. तिथे आज पाणी आहे का, हे नकाशा सांगत नाही. सर्वेक्षण झालं तेव्हा होतं, एवढीच त्याची हमी. प्रत्यक्ष जाऊन बघावं तर कुठे बारमाही ओहोळ असतो, कुठे मधमाश्यांनी भरलेला हातभर ओला चिखल, तर कुठे नुसत्याच वाळून कोळ झालेल्या काटक्या.

आम्ही नवरा-बायको हिवाळ्यात या निळ्या शेपट्यांमागे हिंडतो. वाहन म्हणजे मागे उघडा हौदा असलेला एक जुना पिकअप ट्रक. गाडी मी चालवते, नकाशा त्याच्याकडे असतो. नोव्हेंबर ते मार्च हा आमचा हंगाम. डेथ व्हॅलीतल्या फर्नेस क्रीकला १० जुलै १९१३ रोजी ५६.७ अंश सेल्सिअस तापमान नोंदलं गेलं आणि जगाचा अधिकृत उच्चांक अजून तोच आहे. त्या दिवसांत घरी पंख्याखाली बसून नकाशे वाचलेले बरे.

या छंदात एक मजेशीर विसंगती आहे. पाणी बघायला निघताना आम्ही पाणी घेऊन निघतो. माणशी रोज चार लिटर हा इकडचा साधा हिशोब, आणि गाडी बंद पडली तर म्हणून त्यावर तेवढंच राखीव. हौद्यात निळे कॅन ओळीने पट्ट्यांनी बांधलेले असतात. मग एवढा सगळा भार घेऊन, दगडधोंड्यांतून दिवसभर आदळत आपण एखाद्या घळीत पोचतो आणि समोर काय, तर कपारीतून बोटभर धार. बोटभर धार बघायला मणभर पाणी वाहून न्यायचं. त्यातला एक थेंबही आपल्याला नको असतो.

ही विसंगती मला नीट कळली ती मोहावी रोडवर.

मोहावी रोड ही कोलोराडो नदीपासून पश्चिमेला बारस्टोच्या दिशेने जाणारी जुनी कच्ची वाट आहे, जवळपास २२० किलोमीटरची. नकाशावर बघितली तर ती वेड्यासारखी वळते. समोर सपाट मैदान मोकळं असताना डोंगराकडे चढते, खिंडीतून उतरते, पुन्हा कुठल्यातरी उजाड टेकाडाच्या पायथ्याशी जाते. ट्रकमधून जाताना वाटतं, कुणी आखली ही वाट? उत्तर निळ्या शेपट्यांत आहे. पायूट स्प्रिंग, रॉक स्प्रिंग, मार्ल स्प्रिंग्ज, सोडा स्प्रिंग्ज, मग मोहावी नदीचं पात्र. एका पाण्यापासून दुसरं पाणी साधारण एक दिवसाच्या चालीवर. वाट अशी कुणी आखलेलीच नाही, झऱ्यांना झरे जोडत ती आपोआप झाली.

ती पहिल्यांदा चालली कोलोराडोकाठची मोहावी जमातीची माणसं. पॅसिफिकच्या किनाऱ्यावरचे शंख-शिंपले या वाटेने आत वाळवंटात जायचे, तिथून आणखी पूर्वेला. १७७६ मध्ये गार्सेस नावाचा स्पॅनिश पाद्री या वाटेने गेला तो मोहावी वाटाड्यांच्या मागून. १८२६ मध्ये जेडेडाया स्मिथ हा फर पकडणारा शिकारी आला, त्यालाही वाट दाखवली ती इथल्या मूळ रहिवाशांनीच. पुस्तकांत या दोघांना 'शोधक' म्हणतात. ज्याला पुढचं पाणी कुठे आहे ते दुसऱ्याला विचारावं लागतं, त्याने शोधलं काय, हा प्रश्न मी दर वेळी नवऱ्याला विचारते आणि तो दर वेळी नकाशात डोकं घालतो.

१८५७ मध्ये एडवर्ड बील या अधिकाऱ्याने इथून चक्क उंट आणले. अमेरिकी लष्कराचा तो प्रयोग होता. कोलोराडो नदी आडवी आली तेव्हा सगळ्यांना धास्ती होती की उंटांना पोहता येणार नाही. उंट आरामात पोहून पार झाले, बुडाली ती काही घोडी आणि खेचरं. प्रयोग पुढे बारगळला, पण उंटांचा त्यात काही दोष नव्हता. १८६० च्या दशकात लष्कराने याच झऱ्यांवर छोटी ठाणी बसवली. पायूट स्प्रिंगजवळ दगडी गढीच्या भिंती अजून कमरेएवढ्या उभ्या आहेत. खाली विलो आणि कॉटनवुडच्या झाडीतून ओहोळ वाहतो आणि काठच्या काळ्या खडकांवर लष्कराच्या कितीतरी आधीची कोरलेली चित्रं आहेत. ठाणं कुठे बांधायचं याचं डोकं लष्कराला लढवावं लागलं नसणार. पाणी होतं तिथे माणसं आधीपासून होतीच.

मग १८८३ मध्ये दक्षिणेला रेल्वे झाली आणि ही वाट एका झटक्यात म्हातारी झाली. वाफेच्या इंजिनालाही पाणी लागायचंच, म्हणून ठराविक अंतरावर थांबे पडले. त्यांची नावं तर इंग्रजी मुळाक्षरांच्या क्रमाने ठेवलेली: ॲम्बॉय, ब्रिस्टल, कॅडिझ, डॅनबी, एसेक्स, फेनर, गॉफ्स. मला हा क्रम फार बोलका वाटतो. मोहावी रोडवरची नावं त्या त्या जागी जे दिसलं त्यावरून पडली. रेल्वेने मात्र टेबलावर बसून अक्षरं वाटली. रेल्वेने पाण्याची वाट बघितली नाही, पाणी तिच्यासाठी आणून ठेवलं गेलं. आम्ही त्याच रेल्वेचे वारस आहोत, फक्त आमची टाकी हौद्यात असते.

आता थोडं ट्रकबद्दल, कारण त्याच्याशिवाय हे काहीच झालं नसतं.

डांबरी रस्ता संपतो तिथे आधी थांबायचं आणि चाकांतली हवा कमी करायची. हे नव्या माणसाला उलटं वाटतं. दगडांत जायचंय तर टायर टणक हवा ना? पण टणक टायर प्रत्येक धोंड्यावर उसळतो, वाळूत रुततो आणि धारदार दगडावर फाटतो. हवा कमी केली की टायर पसरतो, जमिनीवर त्याची पकड वाढते, दगडाला तो अंगावर घेतो. मी पस्तीस पौंडांवरून अठरा-वीसवर आणते. व्हॉल्व्हवर हवा सोडणारी टोपी बसवली की सूं करून हवा निघते. चारही चाकांपाशी उकिडवं बसून मीटरचा काटा बघत बसायचं, यात अर्धा तास सहज जातो. तेवढ्यात इंजिनाचा आवाज कानातून निघून जातो आणि भोवतालची शांतता कानाशी येऊन बसते. परतताना हवा पुन्हा भरायची म्हणून बारका कॉम्प्रेसर बरोबर लागतो. सुटं चाकही पूर्ण आकाराचं हवं. शहरातल्या गाड्यांना देतात ते बारीक तात्पुरतं चाक इथे शोभेचं.

त्यानंतर वॉशबोर्ड. कच्च्या रस्त्यावर आडव्या बारीक लाटा पडतात, धुण्याच्या जुन्या पाट्यावरच्या खाचांसारख्या. गाड्यांच्या चाकांनीच त्या पडतात. चाक किंचित उसळतं, पडताना माती मागे ढकलतं, पुढचं चाक तिथेच उसळतं. हळू गेलं तर दातांच्या कण्या होतात. वेग वाढवला तर चाकं लाटांच्या माथ्यांवरून तरंगत जातात, पण मग स्टिअरिंगवरचा ताबा अर्धा जातो. डेथ व्हॅलीतल्या रेसट्रॅक या कोरड्या तळ्याकडे जाणारा रस्ता असा चाळीसेक किलोमीटरचा आहे. तिथल्या 'चालणाऱ्या' दगडांचं कोडं २०१४ मध्ये सुटलं. हिवाळ्यात उथळ पाण्यावर काचेइतका पातळ बर्फ धरतो, तो उन्हाने फुटतो आणि वाऱ्याने सरकताना त्याचे तुकडे दगडांना हळूहळू ढकलतात. मागे चिखलात चरे उरतात. भुताटकीच्या गोष्टींपेक्षा मला हे उत्तर जास्त आवडलं, कारण यातही करामत पाण्याचीच निघाली.

मोहावी रोडवर परत येऊ. रॉक स्प्रिंगजवळ एक छोटं दगडी घर आहे. पहिल्या महायुद्धात विषारी वायूने फुप्फुसं खराब झालेला एक सैनिक, बर्ट स्मिथ, कोरड्या हवेसाठी तिथे आला आणि १९२९ मध्ये त्याने ते बांधलं. फार दिवस काढणार नाही असं समजला गेलेला हा माणूस पुढे तिथे दोन दशकांहून जास्त जगला. घरामागच्या पायवाटेने खाली उतरलं की घळीत झरा लागतो. पाणी बेताचंच. खडकाच्या खोलगट भागात साठलेलं, कडेला शेवाळ, वर किड्यांची धावपळ. पण एका माणसाला पुरेल एवढं.

तिथून पश्चिमेला थोड्याच अंतरावर गव्हर्न्मेंट होल्स आहे. ही लष्करी काळातली विहीर. आज बघाल तर एक जुनी पवनचक्की, गुरांच्या वाड्याचे खांब आणि वारा. १९२५ मध्ये इथल्या खोपटात दोन माणसांनी एकमेकांना गोळ्या घातल्या आणि दोघेही मेले. गुरांच्या मोठ्या कंपनीची माणसं आणि छोटे वस्तीकरी यांच्यातलं वैर होतं ते. कुरणाचं भांडण म्हणतात, पण वाळवंटात कुरण म्हणजे पाण्यापासून गुरं जेवढी लांब जाऊन परत येऊ शकतील तेवढी जमीन. पाणी ज्याच्या हातात त्याची भोवतालची सगळी कोरडी जमीन, कागदावर ती कुणाचीही असो. आपल्याकडे विहिरीच्या हिश्श्यावरून पिढ्यान्‌पिढ्या चाललेले भावकीचे दावे ज्यांनी बघितलेत, त्यांना हे वेगळं समजावून सांगायला नको.

मार्ल स्प्रिंग्जनंतर सोडा लेकपर्यंत मोठा कोरडा टप्पा आहे, आणि सोडा लेक हे नावापुरतंच तळं. पांढऱ्या क्षारांचं सपाट मैदान. भर दुपारी त्यावर मृगजळ असं झळकतं की नवरा अजूनही दर वेळी दुर्बीण काढतो. खरं पाणी असतं ते पांढऱ्या पापुद्र्याखाली, दिसत नाही असं. पाऊस होऊन गेला असेल तर वरून कोरडी दिसणारी ही जमीन ट्रक आसापर्यंत गिळते आणि मग तिथे ना झाड, ना खडक, दोर बांधायचा कशाला? म्हणून आधी उतरून पायाने दाबून बघायचं, आणि शंका आली तर निमूट वळसा घालायचा. मैदानाच्या मधोमध प्रवाशांनी रचलेला दगडांचा ढीग आहे. प्रत्येकाने येताना बरोबर एक दगड आणायचा आणि त्यात टाकायचा. ढिगावर एक पाटी आहे. तिच्यावर काय लिहिलंय ते न गेलेल्यांना सांगायचं नाही असा रिवाज आहे, तो मीही पाळते.

सोडा लेकच्या पश्चिम काठावर या सगळ्या वाटेतलं सगळ्यात नाटकी ठिकाण आहे. सोडा स्प्रिंग्ज हा झरा खरा आणि जुना, मोहावी वाटाड्यांपासून लष्करापर्यंत सगळे इथे थांबलेले. १९४४ मध्ये कर्टिस हाऊ स्प्रिंगर नावाचा एक रेडिओवरचा उपदेशक इथे आला. त्याने खाणीचा दावा लावून सरकारी जमीन ताब्यात घेतली आणि आरोग्यधाम काढलं. इंग्रजीतला शेवटचा शब्द ठरावा म्हणून जागेचं नाव ठेवलं झायझिक्स (Zzyzx). ताडाची झाडं लावली, स्नानाची कुंडं बांधली आणि 'खनिज पाण्याने' बरं होण्यासाठी लोकांना बोलावलं. झऱ्याचं पाणी काही गरम नव्हतं. कुंडांतलं पाणी बॉयलरवर तापवलं जायचं. १९७४ मध्ये सरकारने त्याला बाहेर काढलं. आता तिथे कॅलिफोर्निया स्टेट युनिव्हर्सिटीचं वाळवंट अभ्यास केंद्र आहे. खरी गंमत पुढे आहे. मोहावी नदीत बाहेरच्या जातीचे मासे सोडले गेल्यामुळे तिथला मूळचा मासा, मोहावी ट्युई चब, नदीतून नाहीसा झाला. तो उरला सोडा स्प्रिंग्जला, आणि आज स्प्रिंगरने हौसेने बांधलेल्या तळ्यात त्याला जपलं जातं. भोंदूच्या तळ्यात अस्सल मासा. स्प्रिंगरला कळलं असतं तर त्याने माशाचंही तेल बाटलीत भरून विकलं असतं.

झरा वाळवंटात फुटतो तरी का? पावसाचा थेंब नाही, आजूबाजूला दोन दोनशे मैल कोरडं, आणि मध्येच जमिनीतून पाणी. लहानपणापासून माझ्या डोक्यात झरा म्हणजे पाण्याची सुरुवात होती. इथे उलट आहे. डोंगरमाथ्यावर पडलेला पाऊस, वितळलेलं बर्फ खडकाच्या भेगांतून खाली मुरतं, जमिनीखालून लांबचा पल्ला गाठतं आणि कुठेतरी अडतं. पुढे चिकणमातीचा थर येतो, किंवा प्रस्तरभंगाची, म्हणजे खडक तुटून सरकल्याच्या भेगेतली, दळलेली भिंत, किंवा अभेद्य पाषाण. वाट बंद झाली की पाणी वर येतं. मोहावी नदी बहुतेक लांबी वाळूखालून वाहते, समुद्राकडे पाठ करून. ॲफ्टन कॅन्यनमध्ये पात्राखालचा पाषाण वर येतो आणि नदी तेवढ्यापुरती उघड्यावर. सॅन अँड्रियास हा प्रस्तरभंग भूकंपांसाठी बदनाम आहे, पण कोचेला खोऱ्यात त्याच्याच भेगेला धरून पंख्याच्या पानांच्या ताडांची बनं उभी आहेत. जमिनीखाली तो बांधाचं काम करतो.

या अडलेल्या पाण्याचं वय विचारलं तर घोटाळा होतो. नेवाडातल्या ॲश मेडोजमध्ये जे पाणी वर येतं ते हजारो वर्षांपूर्वीच्या पावसाचं आहे. तिथेच डेव्हिल्स होल आहे, चुनखडीच्या टेकडीतली एक भेग. तळाशी पाणी, बारा महिने ३३-३४ अंश तापमानाचं, आणि त्याचा तळ अजून कुणाला सापडलेला नाही. भेगेच्या तोंडाशी एक उथळ खडकाळ कट्टा आहे. डेव्हिल्स होल पपफिश नावाचा इंचभर निळा मासा त्या कट्ट्यावर अन्न शोधतो, तिथेच अंडी घालतो आणि निसर्गात दुसरीकडे कुठेही राहत नाही. २०१३ मध्ये मोजदाद झाली तेव्हा ३५ मासे भरले.

१९६० च्या दशकाअखेर शेजारी शेतीसाठी विंधनविहिरी खोदल्या गेल्या, उपसा सुरू झाला आणि भेगेतली पातळी उतरायला लागली. कट्टा उघडा पडायची वेळ आली. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. १९७६ मध्ये न्यायालयाने निकाल दिला की माशाला लागेल तेवढी पातळी राखलीच पाहिजे आणि त्यासाठी उपशाला मर्यादा घालता येते. ज्या देशात 'आधी आला त्याचं पाणी' या तत्त्वावर अख्खा पश्चिम वसला, तिथे इंचभर माशाचा नंबर पहिला लागला. शेतकऱ्यांची चिडचिडही मला समजते. कोकणातल्या माणसाला समजणार नाही कदाचित, पण दुष्काळी भागातल्या कुणालाही समजेल. तरी निकाल मला बरोबरच वाटतो. शेताला दुसरीकडून पाणी आणता येतं, निदान प्रयत्न तरी करता येतो. त्या माशाला दुसरीकडे जाताच येत नाही.

हल्ली डेव्हिल्स होलभोवती काटेरी तारांचं उंच कुंपण आणि कॅमेरे आहेत. २०१६ मध्ये तीन जण दारूच्या नशेत कुंपण ओलांडून आत उतरले, पाण्यात धिंगाणा घातला, एक मासा मेला आणि त्यांतला एक जण तुरुंगात गेला. आपण जातो ते कुंपणाबाहेरच्या मचाणापर्यंत. दुर्बिणीतूनही मासा दिसेलच असं नाही. कुणी विचारतं, मग एवढ्या लांब जाऊन बघितलंत काय? मी सांगते, एक काळी भेग.

ट्रकमुळे आपण कुठेही पोचू शकतो हा भ्रम मात्र इथे जिवावर बेततो. जुलै १९९६ मध्ये एक जर्मन कुटुंब, दोन मोठी माणसं आणि दोन मुलं, भाड्याच्या व्हॅनने डेथ व्हॅलीच्या दक्षिण टोकाला आत शिरलं आणि नाहीसं झालं. ऑक्टोबरमध्ये त्यांची व्हॅन ॲन्व्हिल कॅन्यनमध्ये सापडली, टायर गेलेली, मऊ वाळूत. माणसांचे अवशेष मिळायला २००९ उजाडलं. ती कॅन्यन वर ब्यूट व्हॅलीत उघडते. तिथे ॲन्व्हिल स्प्रिंग आहे, झाडाची सावली आहे, दगडी खोली आहे. व्हॅनपासून काही मैल. ती माणसं काय विचार करत होती, हे आता कुणी सांगू शकत नाही आणि मी अंदाज बांधणार नाही. पण त्या झऱ्यापाशी उभी राहिले तेव्हा मला मोहावी रोडवरचे पायी चालणारे आठवले. त्यांच्या डोक्यात मागचं पाणी आणि पुढचं पाणी सतत मोजलं जात असणार. आमच्या डोक्यात पेट्रोलचा काटा असतो.

तेव्हापासून आमच्या ट्रकमध्ये एक खेळ चालतो. मी अचानक विचारते, "आत्ता गाडी बंद पडली तर?" त्याने नकाशाकडे न बघता सांगायचं, सगळ्यात जवळचं पाणी कुठल्या दिशेला आणि किती लांब.

"मागे, त्या लाल टेकडीच्या पलीकडे. सात-आठ मैल."

"आणि तिथे पाणी असेल कशावरून?"

"अगं, मागच्याच महिन्यात बघितलंय की. गाढवं होती तिथे."

गाढवांचा पुरावा इथे मानला जातो. सोनं-चांदी शोधायला आलेल्यांनी आणलेली आणि पुढे मोकाट सोडलेली त्यांची जनावरं आता रानटी झालीत. ती झरे तुडवतात, पाला ओरबाडतात, म्हणून उद्यानवाल्यांना नकोशी आहेत. पण कोरड्या ओढ्यात खुराने खड्डे खणून ती पाणी काढतात आणि मागून तेच पाणी इतर प्राणी पितात, हेही अलीकडच्या संशोधनात दिसून आलंय. गाढवाला गाढव म्हणताना मी आता जरा थांबते.

एका पाझराबद्दल थोडं सविस्तर लिहायचंय. नाव सांगत नाही. नकाशावर तो आहे, पण पत्ता मी द्यायचा नाही असं ठरवलंय, कारण त्यात पाणी जेमतेम आहे आणि ट्रक फार झाले आहेत. वाट संपते तिथून अर्धा तास चालावं लागतं. खडकाच्या पायथ्याशी नेच्याची मूठभर पानं दिसतात, आणि इतक्या कोरड्या जागी नेचा दिसला की पाणी आहेच. पानांखालच्या भेगेतून एक थेंब फुगतो, थांबतो, सुटतो. मी ओंजळ धरून बघितली. पहिली ओंजळ भरेस्तोवर हात भरून आले. खाली परातीएवढं डबकं, कडेच्या चिखलात ठशांची खिचडी: कोल्ह्यासारख्या कायोटीचे पंजे, रानमेंढीचे दुभंगलेले खूर, आणि पक्ष्यांच्या पायांचे कितीतरी त्रिशूळ. मधमाश्या काठावर ओळीने बसून पाणी शोषत होत्या. त्या माणसाला काही करत नाहीत, फक्त ओंजळीवर हक्क सांगतात.

बसून राहिले तर वरच्या उतारावरून पक्षी चालत खाली आले. उडत नाही, चालत. राखी अंग, गळ्याभोवती काळा पट्टा, कुशीवर उभे पट्टे, चोच आणि पाय लालभडक. चकोर! चांदण्यावर जगणारा आपल्या कवींचा पक्षी. शिकारीसाठी म्हणून गेल्या शतकात भारतीय उपखंडातून आणून इथे सोडला आणि इथल्या खडकाळ उतारांवर तो असा रुळला की आता मूळचाच वाटतो. वायव्य हिमालयाकडचे कोरडे डोंगर असेच तर आहेत. चांदण्याची वाट न बघता एकेक जण डबक्यापाशी आला, मान खाली घालून पाणी प्यायला, मान वर करून गिळलं आणि मागच्याला जागा दिली. त्यांच्यासाठी सरकारने डोंगरात पावसाचं पाणी साठवणाऱ्या टाक्याही बांधल्यात. पण जिथे झरा आहे तिथे ते झऱ्यालाच येतात.

आमच्यामुळे त्यांना थांबावं लागलं होतं, हे मला नंतर लक्षात आलं. उतारावर ते कधीपासून बसले असणार. नेवाडात पाणवठ्यापासून शंभर यार्डांच्या आत मुक्काम करायला कायद्याने बंदी आहे. कारण साधं आहे. दिवसभर उन्हात थांबून जनावरं संध्याकाळी पाण्यावर येतात आणि समोर तंबू, दिवे, माणसाची बडबड दिसली की तशीच परत फिरतात. दुसरं पाणी डोंगरापलीकडे. माणसाला ती एक रम्य जागा वाटते, मेंढीची मात्र रात्र तहानेने जाते. आम्ही तर शंभर यार्डांवरही थांबत नाही. ट्रक पार लांब, टेकडीआड. पाणी आपल्याकडे आहे ना, मग झऱ्याशेजारी बिऱ्हाड मांडायची गरज काय? हौद्यातल्या त्या मणभर पाण्याचा मला खराखुरा उपयोग दिसतो तो हाच.

मार्ल स्प्रिंग्जच्या पश्चिमेला, कुठल्याच गावाच्या जवळ नाही अशा जागी, वाटेच्या कडेला एक पत्रपेटी आहे आणि तिच्याजवळ झेंड्याचा खांब. पेटीत वही असते, येणाऱ्या-जाणाऱ्याने नाव लिहायचं. पेटीच्या मागे लोकांनी आणून ठेवलेल्या बेडकांची जत्रा आहे: चिनी मातीचे, प्लॅस्टिकचे, सिमेंटचे. पाण्याच्या नावाने शंख आणि बेडूक शेकड्याने.

ती वही मी थांबून वाचते. गाडीचं मॉडेल, टायरची साइज, किती वाजता आलो, किती गाड्या, कुत्र्याचं नाव. पाण्याबद्दल पानंच्या पानं उलटली तरी अक्षर नाही. एकोणिसाव्या शतकातले लष्करी अहवाल बघा, प्रत्येक मुक्कामापुढे पाणी, चारा आणि जळण यांची नोंद असायची, कारण मागून येणाऱ्याचा जीव त्या ओळीवर होता. म्हणून मी लिहिलं: 'मार्ल स्प्रिंग्ज. पाणी आहे. टाकी भरलेली. काठावर ताजे माग.' तारीख घातली.

नवऱ्याने माझ्या हातून पेन घेतलं आणि खाली टायरची साइज लिहिली.